वाचकांचे प्रश्न : गावचा कचरा आणि गावची तयारी

घनकचऱ्याविषयी कोकण किनाऱ्यावरील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. बहुतेक पत्रांत निधी, यंत्र आणि जागा यांविषयी विचारणा आहे. हे काम कोण शिकणार आणि वर्षानुवर्षे कोण चालवणार, हा प्रश्न मात्र एकाच पत्रात आला आहे. माझ्या मते सगळे तिथेच अडते, म्हणून इतर उत्तरांतही तो विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : आमच्या गावची लोकसंख्या सुमारे १,८०० असून गावाच्या सात वाड्या आहेत. चोवीस तासांत ओल्या कचऱ्याचे खत करणारे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव एका विक्रेत्याने ग्रामपंचायतीपुढे ठेवला आहे आणि बहुतेक सदस्यांना तो पसंत आहे. आपले मत कळवावे.
— सरपंच, गुहागर तालुका

उत्तर : यंत्र घेण्याचा निर्णय आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा यंत्रात कचरा तापवून आणि घुसळून कोरडा केला जातो. चोवीस तासांनी बाहेर पडणारा माल काळपट आणि भुसभुशीत दिसतो, परंतु ते मुरलेले खत नसते. ओल लागताच तो पुन्हा कुजू लागतो, त्यामुळे काही आठवडे ढिगात मुरवल्याशिवाय झाडांना घालणे योग्य नाही. म्हणजे यंत्रामुळे जी जागा, जे छप्पर आणि जी मजुरी वाचेल असे वाटते, ते सर्व शेवटी लागतेच, आणि विजेचे बिल त्यावर वाढते. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जात असेल, तर त्या काळात साचलेल्या ओल्या कचऱ्याचे काय करायचे, हे विक्रेत्याला विचारून त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

पैशांचा हिशेबही मांडून पाहावा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागाचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंतची तरतूद धरली होती आणि त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा होता. त्या मापाने आपल्या गावाचा आकडा १,०८,००० रुपये होतो. एवढ्यात छपराखालची, हाताने चालणारी साधी व्यवस्था उभी राहू शकते. यंत्रासाठी जास्तीचा निधी मिळवलाच, तरी तो एकदाच मिळतो. मजुरी मात्र दर महिन्याला द्यावी लागते. म्हणून ग्रामपंचायत विकास आराखड्यात या विषयाखाली पहिली ओळ मजुरीची असावी.

त्याआधीचे काम मोजणीचे आहे, आणि ते बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेऊ नये. प्रत्येक वाडीतून पाच-सहा, अशी चाळीसएक घरे निवडावीत; त्यांत आगर असलेले घर असावे, गुरे नसलेले घर असावे, भाड्याच्या खोल्या असाव्यात आणि रस्त्यावरची एखादी टपरी व खानावळही असावी. प्रत्येक ठिकाणी दोन बादल्या द्याव्यात. सलग सात दिवस सकाळी ठरलेल्या वेळी वाडीतल्याच दोन व्यक्तींनी ताणकाटा घेऊन जावे, बादली काट्याला अडकवावी, रिकाम्या बादलीचे वजन वजा करावे आणि वहीत ओला, सुका व धोकादायक अशा तीन रकान्यांत आकडे लिहावेत. हीच मोजणी गणेशोत्सवात, चाकरमानी गावी आलेले असताना, पुन्हा करावी.

या वहीतून जे दिसते ते पुष्कळदा यंत्राचा प्रश्नच मिटवते. कोकणातल्या वाडीवरच्या घरांत भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेला भात आजही गुरांना, कोंबड्यांना किंवा माडाच्या आळ्यात जातो. ओला कचरा साचतो तो बाजारपेठेत, खानावळींत, मासळीच्या कट्ट्यावर आणि मंगल कार्यालयात. तसे असेल तर सात वाड्यांतला ओला कचरा पाखाड्या, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटा, उतरून एका ठिकाणी आणण्याचे कारणच उरत नाही. वाडीचा ओला कचरा वाडीतच जिरवावा, पेठेसाठी एक सामाईक खतशेड बांधावी आणि गाडीने फक्त मातीत न जिरणारा माल वाहावा. डोंगरउतारावर विखुरलेल्या गावांत वाहतूकच सर्वांत महाग पडते, आणि तीच यामुळे कमी होते.

आता माणसांविषयी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली होते, सरपंचपदाची मुदत संपते, आणि ज्यांनी प्रशिक्षण घेतले त्यांच्याबरोबर शिकलेलेही गावाबाहेर जाते. म्हणून प्रत्येक वाडीतून दोन जणांना, त्यांतल्या एक तरी बचत गटातल्या महिलेला, तयार करावे. पंचायतीचा सफाई कर्मचारी त्यांच्याबरोबर असावाच. ढिगाची ओल ओळखणे, सुका माल वेगळा करणे, वजनाची वही ठेवणे, पावती फाडणे आणि मिसळलेला कचरा देणाऱ्या घराशी न भांडता बोलणे, एवढ्या गोष्टी त्यांना यायला हव्यात. खताचे तंत्र कृषी विज्ञान केंद्रांतून आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून समजून घेता येईल. वेंगुर्ल्याची भेटही अवश्य ठेवावी. सुमारे १२ हजार वस्तीच्या त्या नगर परिषदेने तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातूनच वर्गीकरण सुरू केले, जुन्या कचराभूमीचे रूप पालटून तिथे बाग केली आणि प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात वापरले. तिथे गेल्यावर बाग पाहून परतू नये. वर्गीकरणाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या कामगारांशी बोलावे, एका घंटागाडीबरोबर सकाळची फेरी करावी आणि मिसळलेली बादली आली तर ते काय करतात ते पाहावे. सदस्यांबरोबर वाड्यांतल्या त्या महिला गेल्या नाहीत, तर ही भेट सहलीपुरतीच राहील.

प्रश्न : आमच्या बचत गटाने दोन खड्डे खणून खत करायला सुरुवात केली. उन्हाळ्यात खत चांगले झाले, परंतु जूनपासून खड्ड्यांत पाणी भरते, दुर्गंधी येते, अळ्या होतात आणि शेजारी तक्रार करतात. मासळीचा कचरा घ्यावा की नाही, यावरून गटात दोन तट पडले आहेत.
— बचत गटाच्या अध्यक्षा, मालवण तालुका

उत्तर : ताई, आपले काही चुकलेले नाही, खड्ड्याची पद्धत कमी पावसाच्या मुलखातली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर खत जमिनीच्या वरच करावे लागते. एक फूट उंच जोते घालून त्यावर चिऱ्यांची, मध्ये फटी ठेवलेली टाकी बांधावी. अशा टाकीला नाडेप टाकी म्हणतात; तिचे प्रचलित माप दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे आहे. गटाकडे माल कमी असेल तर लांबी निम्मी करावी, पण उंची तीन फुटांहून कमी करू नये, कारण ढीग ठेंगणा असला की आत ऊब धरत नाही. छप्पर भिंतींच्या बाहेर दोन फूट तरी यायला हवे आणि पावसाचे सपकारे ज्या बाजूने येतात तिकडे माडाचे झाप बांधावेत. रोजगार हमी योजनेत नाडेप टाकीचे काम बसते, हे पंचायतीला आठवण करून द्यावे.

दुर्गंधी येते ती ओल जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. ढिगातला मूठभर माल घट्ट पिळावा : बोटांच्या फटींत ओल दिसली पण थेंब गळला नाही तर प्रमाण बरोबर आहे, पाणी ठिबकले तर सुका पाला घालून ढीग उलथावा, आणि मूठ उघडताच गोळा फुटून गेला तर पाणी शिंपडावे. अळ्या होतात त्याही या ओलीमुळेच. त्या खताला अपाय करत नाहीत. वरून चार बोटे सुका पाला किंवा जुने खत पसरले की माशा बसत नाहीत आणि अळ्या कमी होतात.

खरी अडचण अशी, की जुलैत सुका पाला मिळत नाही. त्याची बेगमी फेब्रुवारी ते मे या काळातच करायला हवी. आंबा, काजू, फणस यांचा जो पातेरा आपण झाडून पेटवून देतो, तोच पोत्यांत भरून मांगरात किंवा छपराखाली रचून ठेवावा. भाताचे तूस आणि नारळाच्या सोडणांचा भुसाही चालतो. आकारमानाने एक भाग ओल्या कचऱ्याला दोन भाग सुका पाला, असा हिशेब धरला तर चार महिन्यांना किती पोती लागतील ते गटाच्या वहीवरून सहज काढता येईल. पावसाळ्यातल्या खताचे भवितव्य या पोत्यांवर ठरते, म्हणून पाला गोळा करण्याचे दिवस गटाच्या बैठकीत आधीच नेमून घ्यावेत.

मासळीचा कचरा जरूर घ्यावा. त्यात नत्र भरपूर असते आणि कोळंबीची टरफले, माशांची खवले, आतडी यांनी खत सकस होते. मात्र तो नेहमी ढिगाच्या मधोमध घालावा, त्याच्या तिप्पट सुका पाला भोवती घालावा आणि वर किमान वीतभर थर द्यावा, म्हणजे कुत्री आणि कावळे उकरणार नाहीत. खारवलेल्या मासळीचा कचरा आधी पाण्याने धुऊन घ्यावा, कारण मीठ खतात उतरून रोपांना त्रास देते. करवंट्या टाकीत घालू नयेत. त्या वर्षभरात कुजत नाहीत आणि चुलीला उपयोगी पडतात. काजूची टरफलेही दूर ठेवावीत, त्यांतले तेल दाहक असते. ढीग पुरेसा तापला आहे की नाही हे पाहायचे असेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती हातात धरवत नसेल तर आतले तापमान रोगजंतू आणि तणाचे बी मारण्याइतके चढले आहे.

प्रश्न : गावापासून दूर एक जुनी चिरेखाण पडून आहे. तिथे कचरा टाकून वर माती लोटली तर वस्तीला उपद्रव होणार नाही. यात काही गैर आहे का?
— एक ग्रामस्थ, राजापूर तालुका

उत्तर : होय, गंभीर गैर आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी खाली उतरून झऱ्यांना व विहिरींना मिळते. चिरेखाणीत तर वरची मातीही उरलेली नसते. तिथे मिसळलेला कचरा टाकला की पहिल्या पावसापासून त्यातून काळे पाणी गळू लागते, आणि पाण्याला लांबची वस्ती आणि जवळची वस्ती हा भेद नसतो. उतार जिकडे असेल तिकडच्या विहिरीत ते जाते. एकदा बिघडलेली विहीर पुन्हा सुधारणे फार कठीण, आणि मे महिन्यात त्याच विहिरीवर वाडी जगते. समुद्र व खाडीलगत कचऱ्याचा भराव घालण्यास किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने बंदी आहे, त्यामुळे किनारा हाही पर्याय नाही.

काही गावांत पाल्याबरोबर किंवा राब भाजताना प्लास्टिकही पेटवतात, त्याविषयी येथेच सांगतो. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे. दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तो धूर सर्वांत आधी जाळणाऱ्याच्याच घरात शिरतो, आणि उरलेली राख भाताच्या रोपवाटिकेत मिसळते.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात पर्यटकांची गर्दी असते. कचरा त्यांचा आणि खर्च ग्रामपंचायतीचा, अशी स्थिती आहे. घरगुती निवास चालवणारे म्हणतात की आम्ही घरपट्टी भरतो, वेगळे पैसे का द्यावेत?
— ग्रामपंचायत सदस्य, दापोली तालुका

उत्तर : घरपट्टी घरासाठी असते. ज्या घरात चार माणसे राहतात आणि ज्या घरात सुट्टीच्या दिवशी वीस पाहुणे जेवतात, त्या दोन घरांचा कचरा सारखा धरणे हे शेजाऱ्यांवर अन्यायाचे आहे, असे मला वाटते. कचरा निर्माण करणाऱ्याने सेवेचे शुल्क द्यावे, हे तत्त्व २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्पष्ट केले होते; त्यांची जागा आता २०२६ च्या नियमांनी घेतली आहे. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनेने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, आणि शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याने स्थानिक संस्थेला आधी कळवून वर्गीकरणाची व्यवस्था करावी, अशाही तरतुदी २०१६ च्या नियमांत होत्या. मोठी हॉटेले आणि विवाहाचे कार्यक्रम यांच्याशी बोलताना आता लागू असलेल्या तरतुदी पाहून त्यांचा आधार घ्यावा.

छोट्या निवासांसाठी दर ठरवताना खोल्यांच्या संख्येवर ठरवावा. पाहुण्यांच्या संख्येवर ठरवला तर रोज वाद होतील. दर ग्रामसभेत मंजूर व्हावा, आणि त्या सभेत मोजणीची वही वाचून दाखवावी. रविवारी आणि मंगळवारी किती कचरा निघाला, हे दोन आकडे शेजारी शेजारी ऐकल्यावर निवासमालकही सहसा मुद्दा मान्य करतात. जमा झालेली रक्कम वेगळ्या नोंदीत राहावी आणि तिचा मोठा भाग कचरा उचलणाऱ्यांच्या मजुरीला जावा. केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या महिला घरोघरी जाऊन सुका कचरा गोळा करतात आणि त्यासाठी घराकडून ठरलेले शुल्क घेतात. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था तशाच शुल्कावर काम करते. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : पैसे देणाऱ्याला रोज दारात येणारी व्यक्ती ओळखीची असते, त्यामुळे सेवा बिघडली की तक्रार आणि सुधारणा दोन्ही लगेच होतात.

काचेच्या बाटल्यांचा बंदोबस्त वेगळा करावा. पुळणीत फुटलेली काच रापण ओढणाऱ्यांच्या आणि खेळणाऱ्या मुलांच्या पायांत जाते. किनाऱ्याच्या प्रत्येक वाटेवर, वाळू संपते तिथे, बाटल्यांसाठी मोठे पिंप ठेवावे आणि ते सोमवारी सकाळी रिकामे करण्याची जबाबदारी नावानिशी नेमावी. भरतीबरोबर येणारी तुटकी जाळी आणि दोर यांचे वजनही वहीत स्वतंत्र नोंदवावे, म्हणजे तो भार पर्यटकांच्या खात्यावर चढणार नाही आणि त्याबाबत मच्छीमार सोसायटीशी आकडे समोर ठेवून बोलता येईल.

प्रश्न : आम्ही सुका कचरा वेगळा करतो. पुठ्ठा, पत्रा आणि बाटल्या भंगारवाला नेतो. वेफर्सच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि फाटके प्लास्टिक तसेच पडून राहते. त्याचे काय करावे?
— महिला ग्रामसंघ, श्रीवर्धन तालुका

उत्तर : दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, वाळवून ठेवल्यास त्यांना भाव मिळतो, मळलेल्या पिशव्या कोणी घेत नाही, इतकाच फरक आहे. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत अनेक पदर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे त्यांचा पुनर्वापर होत नाही आणि एकट्या गावाला त्यांची विल्हेवाट परवडत नाही. त्यासाठी तालुक्याने एकत्र यायला हवे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यात एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र, १६ लाख रुपयांपर्यंतच्या निधीतून, अपेक्षित होते. आपल्या तालुक्याचे केंद्र कोठे आहे, चालू आहे का आणि गावचा माल कोणत्या दिवशी उचलला जाईल, हे पंचायत समितीला ग्रामसंघाच्या ठरावासह लेखी विचारावे. तिथून माल रस्त्याच्या कामाला किंवा सिमेंटच्या भट्टीला जाऊ शकतो. वेष्टने बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरही ती परत गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने आहे, आणि तिचा पाठपुरावा एका गावापेक्षा तालुक्याचे केंद्र अधिक चांगला करू शकते.

तोवर माल कोरडा राहील असा साठवावा. शेड खाडीकाठच्या सखल जागेत बांधू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या रस्त्यांवर चिखलाबरोबर कचऱ्याचे ढीग उभे राहिले होते. छपराचे पत्रेही घट्ट आवळून घ्यावेत, कारण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धनकरांनी अनुभवलेले आहे.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत कचरा उचलण्याचे काम करते. बैठका आणि प्रशिक्षणे इतरांची होतात; आम्हाला कोणी काही शिकवत नाही. लोक डायपर, पॅड आणि फुटकी काच ओल्या कचऱ्यातच टाकतात. मी काय मागावे?
— सफाई कर्मचारी, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ताई, या अंकातले सर्वांत महत्त्वाचे पत्र आपले आहे. गणवेश, दुरून चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क पुरवले जातील हे स्थानिक संस्थेने पाहावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेले होते. ही मागणी उपकाराची नाही, म्हणून ती अर्जावर लिहून द्यावी आणि पोच घ्यावी. धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्यावी आणि यकृताच्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या लसीविषयी तिथेच विचारावे.

पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे असतात आणि काच वेगळ्या डब्यात. हे सांगण्याचा भार एकट्या आपल्यावर पडू नये. मिसळलेली बादली परत करण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे, असा ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत गाडीवर चिकटवावी. मग दारात वाद झाला तर आपण बोट दाखवू शकता. प्रशिक्षणाला सदस्य जातील तेव्हा आपले नाव यादीत असावे आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, हेही ठरावात घालावे. वजनाची वही शक्य असेल तर आपल्याच हातात असू द्यावी, कारण कोणत्या घरातून काय येते हे आपल्याइतके पंचायतीत कोणालाच ठाऊक नसते. हे सर्व १ मेच्या ग्रामसभेत मांडले तर पाऊस सुरू होण्याआधी रेनकोट आणि बूट खरेदी होण्याइतका अवधी पंचायतीला मिळतो; १५ ऑगस्टची सभा त्या दृष्टीने उशिराची आहे.